मराठी चॅटच्या अभ्यासासाठी ॲन्टकॉन्क: आधी मात्रा जोडा, मग मोजा

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर संशोधन करायचं म्हटलं तर साहित्याला तोटा नाही. सोसायट्यांच्या ग्रुपवर 'पाणी कधी येणार' बारमाही चालू असतं. पूर्व भागातल्या ग्रुपांवर एकाच वाक्यात तेलुगू आणि मराठी सुखाने नांदतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड मिसळतं आणि जानेवारीत गड्डा यात्रेच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, निरोपांनी फोन भरून जातो. एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला नव्या माध्यमांवर काम करायला दुसरीकडे कुठे जायची गरज नाही. अडतं ते मोजणीपाशी. हजारो मेसेज डोळ्यांखालून घालून 'पाण्याचा विषय वारंवार आढळतो' असं प्रबंधात लिहिलं की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न ठरलेला: वारंवार म्हणजे किती, आणि कशाच्या तुलनेत?

हे मोजून देणारी जी मोफत साधनं आहेत, त्यांत ॲन्टकॉन्क सगळ्यात भरवशाचं. जपानच्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी ते बनवतात. पहिली आवृत्ती २००२ची, आता चौथी पिढी चालू आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. नोंदणी नाही, वर्गणी नाही, आणि मुख्य म्हणजे मजकूर तुमच्याच मशीनवर राहतो. मजकूर ब्राउझरमध्ये टाकून विश्लेषण करणारी व्हॉयंटसारखी साधनं दिसायला देखणी आहेत. पण लोकांचं खासगी बोलणं त्यासाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवर चढवावं लागतं, आणि चॅटच्या अभ्यासात तो मार्ग आम्ही कुणालाच सुचवणार नाही. व्हॉयंटचा सर्व्हर स्वतःच्या मशीनवर उतरवूनही चालवता येतो, पण तेवढी खटपट करणारे थोडेच. ॲन्टकॉन्कच्याही नव्या आवृत्त्यांत एआयशी बोलण्याची सोय आली आहे. लोकांच्या चॅटवर काम करताना तिला हात लावू नका, कारण बाहेरची सेवा जोडली की मजकूर मशीनबाहेर जातो.

तेव्हा घ्यावं का? जरूर घ्यावं. मात्र मराठी मजकूर जसाच्या तसा टाकून 'क्रिएट'चं बटण दाबलं, तर हे सॉफ्टवेअर तुम्हाला आत्मविश्वासाने चुकीचे आकडे देईल. पुढचा बराचसा मजकूर त्याबद्दलच आहे.

शब्द कुठे तुटतो

'शब्द म्हणजे काय' हे ॲन्टकॉन्कला टोकन डेफिनिशनमधून सांगावं लागतं. मूळ मांडणीत शब्द म्हणजे सलग आलेली अक्षरं. इंग्रजीला तेवढं पुरतं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी संगणकांनी मानलेल्या चिन्हसंचात, मात्र आपले काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे 'अक्षर' या वर्गात बसत नाहीत. त्यांचा वर्ग वेगळा, त्याला 'मार्क' म्हणतात. त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी शब्द तुटतो. 'सोलापूर'चे स, ल, प, र असे चार शब्द होतात, 'पाणी'चे प आणि ण. शब्दयादीच्या माथ्यावर एकेरी व्यंजनांची रांग लागलेली दिसली की समजावं, मांडणी चुकली आहे.

उपाय सोपा आहे. अभ्यासासाठी जमवलेल्या मजकुराला इथे कॉर्पस म्हणतात. फाईल मेनूतून कॉर्पस मॅनेजर उघडा, 'रॉ फाईल्स' निवडा, फायली जोडा आणि क्रिएट करण्याआधी टोकन डेफिनिशनमध्ये 'लेटर'सोबत 'मार्क'वरही खूण करा. आकडे मोजायचे असतील तर 'नंबर'वरही. एन्कोडिंग यूटीएफ-८ असू द्या. हे सगळं आधीच करायचं, कारण चौथ्या पिढीत ॲन्टकॉन्क मजकुराचा डेटाबेस बनवून ठेवतं आणि शब्द त्याच वेळी तुटतात. नंतर मांडणी बदलून जुना कॉर्पस सुधारत नाही, तो नव्याने बांधावा लागतो.

खरा मजकूर टाकण्याआधी एका ओळीची चाचणी घ्या. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये 'दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या नळाला पाणी आलं' एवढंच लिहा आणि कॉर्पस बांधा. एकूण शब्द सहा यायला हवेत. जास्त आले तर पुढे जाऊ नका.

कधीकधी मार्क जोडूनही सात येतात, आणि ही चूक पकडायला अवघड आहे. 'दुसऱ्या'मधला अर्धा र लिहिण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जोडचिन्ह मात्र ना अक्षर ना मार्क. त्यामुळे दुसऱ्या रीतीचा शब्द तिथे तुटतो आणि 'या' वेगळा पडतो. 'शेतकऱ्यांना'मधून 'यांना' सुटतं, 'कर्मचाऱ्यांनी'मधून 'यांनी'. हे तुकडे मराठीतले खरेखुरे शब्द असल्यामुळे यादीत ते खटकत नाहीत, फक्त 'या', 'यांना', 'यांनी' यांची संख्या गुपचूप फुगते. सर्वनामांवर किंवा 'आपण आणि ते' यावर प्रबंध असेल तर निष्कर्षच बदलेल.

'ॲप'चंही तसंच. कुणी ॲ हे एकच अक्षर वापरतं, कुणी अ वर चंद्र देतं, कुणी अ आणि चंद्र यांच्यामध्ये तेच अदृश्य जोडचिन्ह घालतं, तर कुणी ऍ लिहितं. मोजणीत ही चारही रूपं वेगवेगळी पडतात, आणि जोडचिन्हाचं तर मधेच तुटतं. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तोवर कीबोर्डवाल्यांनी आपापली सोय केली होती. तो वारसा अजून चालू आहे.

म्हणून कॉर्पस बांधण्याआधी नोटपॅड प्लस प्लससारख्या एडिटरमध्ये शोधा-बदला करून तीन कामं उरकून घ्या, याच क्रमाने. एक, र-हलन्त-जोडचिन्ह या जोडीच्या जागी ऱ-हलन्त. दोन, ॲ ची सगळी रूपं एकाच रूपात. तीन, उरलेली अदृश्य जोडचिन्हं काढून टाकणं. तिसरं काम पहिलं केलंत तर 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होऊन बसेल आणि मूळ रूप परत मिळवणं जिकिरीचं होईल.

इमोजींचा एक छोटा त्रास याच वेळी मिटवा. लाल बदामासारख्या काही चिन्हांमागे 'रंगीत दाखव' असं सांगणारं एक अदृश्य चिन्ह असतं, आणि ते युनिकोडच्या लेखी मार्क आहे. मार्क जोडल्यावर शब्दयादीत एक रिकामी दिसणारी ओळ भलत्याच मोठ्या संख्येसह उगवते, ती त्याचीच. तेही शोधून काढून टाका. इमोजीच मोजायचे असतील तर 'सिम्बॉल' हा वर्ग घेऊन वेगळा कॉर्पस बांधा, शब्दांच्या कॉर्पसमध्ये मिसळू नका.

व्हॉट्सॲपकडून येणारा कच्चा माल

व्हॉट्सॲपच्या 'एक्सपोर्ट चॅट'मधून फोटो-व्हिडिओ वगळून जास्तीत जास्त ४०,००० अलीकडचे मेसेज मिळतात, त्यांच्यासह घेतलं तर १०,०००. भाषेच्या अभ्यासाला पहिलाच पर्याय घ्यावा. गजबजलेल्या ग्रुपवर मात्र ४०,००० मेसेज काही महिन्यांतच भरतात. म्हणून वर्षभराचा अभ्यास असेल तर शेवटी एकदाच एक्सपोर्ट करण्याच्या भरवशावर राहू नका. दर महिन्याच्या एक तारखेला काढत जा.

एक्सपोर्टमध्ये काय येत नाही, हे सायनॉप्सिस लिहितानाच लक्षात असू द्या. कोणता मेसेज कोणत्या मेसेजचं उत्तर आहे ते येत नाही. मेसेजवर दिलेल्या प्रतिक्रिया येत नाहीत. 'फॉरवर्डेड' हा शिक्का येत नाही. त्यामुळे 'अफवा कशी पसरते' किंवा 'कोण कुणाला उत्तर देतं' हे प्रश्न या मालावर घेता येणार नाहीत, ॲन्टकॉन्क काय किंवा दुसरं काही काय. कोणते शब्द, कोणत्या शेजारात, कोणत्या काळात, या प्रश्नांना हा माल उत्तम.

प्रत्येक मेसेजच्या आधी तारीख, वेळ आणि नाव असतं. ते काढलं नाही तर शब्दयादीत सगळ्यात वर ग्रुपमधल्या बडबड्या सभासदांची नावं येतात. रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे ठरावीक साच्याचा मजकूर शोधणाऱ्या सूत्राने, हा मथळा काढता येतो, पण फोन बारा तासांच्या घड्याळावर असेल तर वेळ आणि 'एएम-पीएम' यांच्यामध्ये नेहमीची मोकळी जागा नसते. तिथे अरुंद अशी एक वेगळीच जागा असते, ती नेहमीच्या स्पेसने शोधली तर सापडत नाही आणि 'काहीच जुळलं नाही' असा निरोप येतो. एक्सपोर्टआधी फोन चोवीस तासांच्या घड्याळावर करा, प्रश्नच मिटतो. आयफोनवरून काढलेल्या फायलीत तारीख चौकटी कंसात येते आणि काही ओळींच्या सुरुवातीला दिशा दाखवणारं अदृश्य चिन्ह असतं. दोन प्रकारच्या फोनांचा माल एकत्र करणार असाल तर दोन्हींची साफसफाई वेगवेगळी करा. फोटोच्या जागी येणारी 'मीडिया वगळला' या अर्थाची ओळ, डिलीट केलेल्या मेसेजची ओळ, 'अमुक ग्रुपमध्ये आले' अशा सूचना, हेही काढायचं.

मग फायली तोडा. अख्खा ग्रुप एकाच फाईलमध्ये ठेवलात तर ॲन्टकॉन्कचा 'रेंज' हा स्तंभ निरुपयोगी होतो, कारण तो शब्द किती फायलींत आला ते मोजतो. एका ग्रुपचा एक महिना म्हणजे एक फाईल, आणि फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, म्हणजे क्रम आपोआप लागतो. असं केलं की 'प्लॉट' या खिडकीत काळ उलगडलेला दिसतो. गड्डा यात्रेतल्या मिरवणुकीचा 'नंदीध्वज' शोधला तर जानेवारीच्या पट्टीत रेघांचा गठ्ठा आणि बाकी वर्ष जवळजवळ कोरं, हे चित्र समितीपुढे ठेवायला पुरेसं बोलकं आहे. शोधताना 'नंदिध्वज' हे ऱ्हस्व रूपही घ्या, आणि लोक नुसतं 'काठ्या' म्हणतात हे विसरू नका.

शोधताना

ॲन्टकॉन्कमध्ये तारांकन म्हणजे 'पुढे काहीही'. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटत असल्यामुळे याच्याशिवाय पान हलत नाही. 'पाणी' असं शोधलं तर 'पाण्याला', 'पाण्यासाठी', 'पाण्याचं' सगळं सुटतं. 'पाण' आणि पुढे तारांकन घेतलं तर सापडतं, पण सोबत 'पाणंद' आणि 'पाणीपुरी'ही येतात. 'नळ' आणि तारांकनात 'नळाला'बरोबर 'नळदुर्ग' येतो. 'टाक' आणि तारांकनात 'टाकी', 'टाकळी' आणि 'मेसेज टाकला' तिन्ही एकत्र. उजनीच्या पाण्यावरच्या चर्चेत टाकीही असते आणि टाकळीही, तेव्हा हे डोळ्यांनी निवडावंच लागतं. प्रत्येक मुख्य शब्दासाठी आधी शब्दयादीत सगळी रूपं पाहा, हवी ती उतरवून घ्या आणि उभ्या रेघेने जोडून एकत्र शोधा. मराठीचा तयार मूळरूप-कोश ॲन्टकॉन्कसोबत येत नाही. लेमा लिस्टची, म्हणजे शब्दाची रूपं मूळ शब्दाशी जोडणाऱ्या यादीची, सोय आहे, यादी मात्र आपली आपण करायची. वीस-पंचवीस मुख्य शब्दांसाठी ते काम दोन दिवसांचं आहे आणि करण्यासारखं आहे.

प्रश्नचिन्ह म्हणजे एक चिन्ह, एक अक्षर नव्हे, हेही ध्यानात ठेवा. 'पाणी' आपल्याला दोन अक्षरी वाटतो, यंत्राच्या लेखी ती चार चिन्हं आहेत.

चॅटची भाषा प्रमाण नसते आणि सोलापूरची तर मुळीच नाही. 'आलं', 'आल', 'आले' ही तिन्ही एकच. 'करायलाय', 'करलालाय' अशी रूपं आणि 'बे' हे संबोधन शब्दयादीत दिसलं की पुसू नका, दुरुस्त करू नका. ऑनलाईन संवादाच्या अभ्यासात बोलीचा हा ठसा म्हणजेच खरा ऐवज. रोमन लिपीतलं मराठी मात्र डोकेदुखी आहे. 'पाणी' हाच शब्द कुणी एका 'ए'ने लिहितं, कुणी दोन, कुणी शेवटी 'आय', कुणी 'डबल ई'. रोमन मेसेज वेगळ्या फायलींत काढून त्यांचा उपकॉर्पस करा. लिपी बदलून एकत्र करण्याच्या मोहात पडू नका, कारण कोण कुठे रोमन वापरतं हाच एक स्वतंत्र प्रश्न आहे. तेलुगू आणि कन्नड त्यांच्या लिपीत असतील तर अक्षर अधिक मार्क हीच मांडणी त्यांनाही चालते.

केडब्ल्यूआयसी, म्हणजे शब्द मधोमध आणि दोन्ही बाजूंना संदर्भ दाखवणारी खिडकी, हे या सॉफ्टवेअरचं काळीज. चौथ्या पिढीत ओळी आधी वारंवारतेनुसार लागतात, वर्णानुक्रमे नव्हे. ते पाहून गोंधळ होतो, पण खालच्या पट्टीत क्रम बदलता येतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने उजवीकडचे पहिले, दुसरे, तिसरे शब्द धरून क्रम लावा: 'पाणी आलं', 'पाणी आलं नाही', 'पाणी कधी' असे गठ्ठे आपोआप पडतात. देवनागरीऐवजी चौकटी दिसल्या तर सेटिंगमधून फॉन्ट बदला. विंडोजवर 'निर्मला यूआय' बरा.

कोलोकेट, म्हणजे शेजारी येणारे शब्द, इथे चॅटवाल्यांनी विशेष जपावं. ॲन्टकॉन्क फाईल सलग वाचतं. एक मेसेज संपला आणि दुसऱ्या माणसाचा सुरू झाला, याची त्याला खबर नसते. आधीच्या मेसेजचा शेवटचा शब्द आणि पुढच्याचा पहिला शब्द 'शेजारी' ठरतात. चॅटमधले मेसेज चार-सहा शब्दांचे, आणि नेहमीची खिडकी दोन्हीकडे पाच शब्दांची. म्हणजे बहुतेक शेजार खोटाच. यावर इलाज असा: प्रत्येक मेसेजनंतर 'झझझ' असा कुठेही न येणारा शब्द पाच वेळा घाला, म्हणजे खिडकी पलीकडे पोचत नाही. पण हा खुणांचा कॉर्पस फक्त कोलोकेट आणि एन-ग्राम, म्हणजे ठरावीक लांबीचे सलग शब्दगट, यांसाठी वापरा. समजा १२,००० मेसेजमध्ये ९६,००० शब्द आहेत आणि 'पाणी' ६२४ वेळा. हजारी ६.५ हा खरा दर. खुणांचे ६०,००० शब्द मिसळले की एकूण १,५६,००० होतात आणि तोच दर ४ दिसतो. शब्दयादी आणि कीवर्ड, म्हणजे दुसऱ्या मजकुराच्या तुलनेत इथे ठळकपणे जास्त येणारे शब्द, यांसाठी खुणा नसलेला दुसरा कॉर्पस ठेवा. कोलोकेटच्या संख्याशास्त्रीय मूल्यांवरही खुणांचा परिणाम होतो, म्हणून तिथे साधी संख्याच सांगितलेली बरी.

एन-ग्रामचा एक उपयोग फार मोलाचा आहे. लांबी आठ ठेवा आणि वारंवारतेनुसार यादी काढा. आठ शब्द जसेच्या तसे पुन्हापुन्हा येतात ते जवळजवळ नेहमी फॉरवर्ड असतात: सुप्रभात, आरोग्याचे सल्ले, नोकरीच्या जाहिराती. एक्सपोर्टमध्ये गहाळ झालेला फॉरवर्डचा शिक्का असा थोडाफार परत मिळतो. हे मेसेज वेगळे काढून मोजणी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे द्या.

कीवर्डसाठी तुलनेचा कॉर्पस लागतो. सोबत मिळणारे कॉर्पस इंग्रजीचे आहेत, ते कामाचे नाहीत. मराठी विकिपीडिया किंवा वृत्तपत्रांचा मजकूर घ्यायचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो घेतला तर कीवर्ड म्हणून 'नाय', 'बे', 'ओके' एवढंच वर येतं, म्हणजे बोलणं आणि लिहिणं वेगळं आहे हे आधीच ठाऊक असलेलं सत्य. चॅटची तुलना चॅटशीच करावी: सोसायटीचा ग्रुप आणि वॉर्डाचा ग्रुप, किंवा उन्हाळा आणि पावसाळा. वृत्तपत्र हवंच असेल तर युनिकोडमधलंच घ्या. जुन्या डीटीपी फॉन्टमधल्या पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर देवनागरीत येतच नाही. दोन कॉर्पसमधला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणारं लॉग-लाइकलीहूड हे मूल्य ३.८४च्या वर असलं की ५ टक्के पातळीवर अर्थपूर्ण मानतात. मात्र हजारो शब्द एकाच वेळी तपासले जात असताना ही पातळी फार सैल आहे. बॉनफेरोनी दुरुस्ती, म्हणजे तपासण्या जितक्या जास्त तितकी पातळी कडक करणारी सोय, चालू ठेवा, नाहीतर निदान १५.१३ची रेघ धरा. वर्डक्लाउडही मिळतो, पण तो प्रबंधात घालू नका.

परवानगी आणि नावं

ग्रुपचे सभासद असणं म्हणजे मजकूर वापरायची परवानगी असणं नव्हे. ॲडमिनला सांगा, ग्रुपवर स्पष्ट मेसेज टाका, ज्यांना नको त्यांचे मेसेज काढा. एप्रिल २०२५पासून आलेली 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' कुणी चालू ठेवली असेल तर एक्सपोर्ट होतच नाही. तो नकार समजावा आणि स्क्रीनशॉटची पळवाट काढू नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण माहितीच्या आधारे त्या व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही आणि ठरलेली मानकं पाळायची, या अटींवर. सेव्ह न केलेल्या सभासदांचे फोन नंबर एक्सपोर्टमध्ये उघडे येतात, म्हणून कॉर्पस बांधण्याआधीच नावं-नंबरांच्या जागी संकेत घाला. केडब्ल्यूआयसीची ओळ प्रबंधात छापताना गल्लीचं नाव, दुकानाचं नाव, मुलाची शाळा यांतूनही माणूस ओळखू येतो. सोलापूर त्या मानाने लहान गाव आहे. यूट्यूबच्या उघड्या कमेंटचं तर जसंच्या तसं वाक्य शोधयंत्रात टाकलं की लिहिणारा सापडू शकतो, तिथे आशय सांगून भागवावं.

शेवटी निकाल जतन करताना एक नेहमीची फसगत. ॲन्टकॉन्कने दिलेली फाईल एक्सेलमध्ये थेट उघडली की देवनागरीचा चिखल दिसू शकतो. एक्सेलमधल्या 'डेटा'तून टेक्स्ट फाईल आणा आणि एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८ निवडा. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात ॲन्टकॉन्कची नेमकी आवृत्ती, टोकन डेफिनिशनमधले वर्ग, शोधा-बदलाची यादी तिच्या क्रमासह, एक्सपोर्टची तारीख आणि फॉरवर्ड काढण्याआधीची व नंतरची शब्दसंख्या लिहा. ज्या आवृत्तीवर काम केलं तिची फाईल डेटाच्या फोल्डरमध्येच ठेवा.